अकरा ते बारा

बालशिक्षणाविषयी महाराष्ट्रात जे काही ठरवायचे असेल, ते आधी माझ्या मोठ्या मामीला विचारून ठरवावे, असे माझे पूर्ण विचारांती बनलेले मत आहे. मामीचे स्वतःचे मत याहून व्यापक आहे. ती महाराष्ट्रापाशी थांबत नाही. मेहकरहून हिवरा आश्रमाकडे जाताना एस.टी. जिथे विनंतीवरून थांबते, आणि विनंती ओरडून केली तरच थांबते, अशा एका गावात तिने तीसहून अधिक वर्षे अंगणवाडी चालवली. एक खोली, एक पत्र्याचे कपाट, एक मदतनीस आणि वीस-बावीस लेकरे, एवढ्या सामग्रीवर तिने जे ज्ञान मिळवले त्याचा आवाका पाहून मी आजही थक्क होते. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले, नमुना कसा निवडावा, पूर्वग्रह कसा टाळावा, निष्कर्षावर कधी विश्वास ठेवावा हे सारे पुण्यात रीतसर शिकले. पण एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मग काय होते ते धीराने पाहावे, हे मी प्रथम पाहिले ते मामीच्या अंगणवाडीत, वयाच्या चौथ्या वर्षी, आणि तेही प्रयोगाचा विषय म्हणून. सुट्टीत मामाच्या गावी गेलेल्या भाचरांना लाडू मिळतात. मला निरीक्षण मिळाले.

त्या वेळी मामीला एक प्रश्न पडला होता. गोष्ट खिचडीच्या आधी सांगावी की नंतर? कोणत्याही प्रशिक्षणात याचे उत्तर तिला मिळाले नव्हते, म्हणून एक महिना तिने गोष्ट आधी सांगितली, एक महिना नंतर, आणि पातेल्यात रोज किती खिचडी उरते ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे टिपून ठेवले. तेवढ्यावर ती थांबली असती तर ती एक कष्टाळू सेविका ठरली असती. पण आकडे मध्येच बिघडत आहेत हे तिच्या लक्षात आले आणि तिने गोष्टींचीही नोंद करायला घेतली. शेवटी निघालेला निष्कर्ष तिने मासिक बैठकीत तीस सेविकांसमोर उभे राहून जाहीर केला. "आधी सांगा की मागून सांगा, काही फरक पडत नाही. पण वाघाची गोष्ट जेवणाआधी सांगू नोका बाप्पा. लेकरं दाराकडं पाहत राह्यतात, खिचडी उरते." मला वाटते, या वाक्याला कोणत्याही परिषदेत टाळ्या मिळाल्या असत्या. त्या बैठकीत तिला सांगण्यात आले की विषयपत्रिकेवरच बोला.

माणसांचे वय हा प्रकार मामीला तत्त्वतः मान्य नाही. तिच्या दृष्टीने सगळी मनुष्यजात तीन ते सहा या वयोगटात मोडते. काहींची उंची वाढते एवढेच. सरपंचाशी बोलतानाही ती आधी त्याच्या डोळ्यांत पाहते, मग हळू आवाजात, एका वेळी एकच सूचना देते, आणि सूचना पाळली गेली की "शाबास" म्हणायला विसरत नाही. मलकापूरला माझ्या मावसभावाचे लग्न होते. पंगत बसली, पाने मांडली गेली, आणि वाढपी पुढे सरसावणार तोच मामी ओळीच्या एका टोकाला उभी राहिली. "हात दाखवा. उलटे करा. हं, शाबास." पहिल्या दोघांनी गंमत म्हणून हात दाखवले, पुढच्यांनी आधीच्यांनी दाखवले म्हणून दाखवले, आणि नवरदेवाचे चुलते, कापसाच्या व्यापारातले वजनदार गृहस्थ, उठून मुकाट्याने हात धुऊन आले. आईने लाजेने पदर तोंडाला लावला. त्या गृहस्थांनी मात्र निघताना मामीला मुद्दाम नमस्कार केला आणि म्हणाले, "वहिनी, मले कोणी शाबास म्हणून चाळीस वर्षं झाले असतीन."

तिच्या अंगणवाडीत खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर चिंचोक्यांचा डबा, सरकीचा डबा आणि बाटल्यांच्या झाकणांची पिशवी अशी तिघे कायमची बसलेली असत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी खुर्ची रिकामी करून मागितली. मामी म्हणाली, "साहेब, ते सामान लेकराईनं मांडलं हाय. त्याईले विचारा." साहेब बहुधा चांगल्या घरचे असावेत, त्यांनी खरोखर विचारले. लेकरांनी आपसात चर्चा केली आणि नाही म्हणून सांगितले. साहेबांनी उरलेली तपासणी सतरंजीवर मांडी घालून केली, आणि भेटीच्या वहीत 'बालकांचा आत्मविश्वास उत्तम' असा शेरा लिहून गेले. हा शेरा मामी पाहुण्यांना वाचून दाखवते. साहेबांच्या गुडघ्यांचे काय झाले ते सांगत नाही.

पण या सगळ्या तऱ्हांच्या मुळाशी तिचे जे एक तत्त्व होते, ते मला मलकापूरच्याच स्टेशनवर कळले. लग्न आटोपून मी पुण्याला परत निघाले होते आणि मामी पोहोचवायला आली होती. माझी गाडी पलीकडच्या फलाटावर येणार होती. तेवढ्यात समोरून एक लांबलचक मालगाडी संथपणे जाऊ लागली, आणि बाकावरच्या दोन अनोळखी लेकरांनी तिचे डबे मोजायला सुरुवात केली. मामी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. माझी बॅग तिच्या मांडीवर. पुलाच्या पायऱ्या चढायला हव्यात, गाडीची घोषणा झाली आहे, हे मी तिला तीन वेळा सांगितले.

"थांब उलसक. लेकराईचं मोजणं सुरू हाय."

"मामी, त्यांचं मोजणं! माझी गाडी आहे!"

"तुही गाडी उद्या भी येईन. हे आकडे उद्या येतीन का?"

शेवटचा डबा गेला तेव्हा लेकरांच्या मते तो एकावन्नावा होता आणि माझ्या मते चौपन्नावा. मी दुरुस्ती करायला तोंड उघडले, तर मामीने माझा हात असा दाबला की बांगडी वाकली. मग आम्ही दोघी पूल धावत चढलो आणि सुटत्या गाडीत मी कशीबशी चढले. खिडकीपाशी धापा टाकत ती म्हणाली, "लेकरू कामात असलं की त्याले आवाज द्यायचा नाही. चुकलं तरी नाही. ते आत कोठंतरी गेलेलं असते. आपण हाक मारली की ते परत येते, पण रिकाम्या हातानं येते." गाडी सुटली होती, मी घामाघूम झाले होते, आणि तरीही मी वही काढून ते वाक्य लिहून घेतले.

आता त्या तासाविषयी. सकाळचा आहार, हजेरी, वजने, गृहभेटी, रजिस्टरे, मोबाईलवर भरायची माहिती, हे सगळे मामीला मान्य होते. तिचे मागणे एकच होते. अकरा ते बारा हा एक तास तिला लेकरांसाठी अखंड हवा होता. हे मागणे ऐकायला जितके लहान वाटते तितकेच ते अशक्य होते, कारण अंगणवाडी हे गावातले असे एकमेव दार आहे की जे ठोठावण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. सरपंचाला पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचे असे. आरोग्य केंद्रातून कोणी यादी मागायला येई. मतदार मोजणारे येत, जनावरे मोजणारे येत. 'तातडीने फोटो पाठवा' असा निरोप मोबाईलवर येई, आणि मग वीस लेकरांना खेळ सोडून ओळीत उभे राहावे लागे, जेणेकरून ती खेळत आहेत असा फोटो निघावा. मामीने कार्यालयाला दर वर्षी जून महिन्यात एक अर्ज दिला. मजकूर कधीही बदलला नाही: 'सकाळी अकरा ते बारा या वेळेत अंगणवाडी सेविकेस कोणीही बोलावू नये, फोन करू नये, माहिती मागू नये व भेटीस येऊ नये. त्या वेळेत ती लेकरांजवळ असते. कळावे.' एका वर्षी ती आजारी होती आणि अर्जाला उशीर झाला, तर पर्यवेक्षिकेने काळजीने फोन केला, "ताई, तुमचा तासाचा अर्ज नाही आला अजून. तब्येत बरी आहे ना?" अर्ज मंजूर मात्र कधी झाला नाही.

माझ्या कारकिर्दीने मला याच प्रश्नापाशी आणून सोडले. सेविकांचा दिवस नेमका कशात जातो याची पाहणी मेहकर तालुक्यात करायची आणि त्यावरून शिफारशी तयार करायच्या, असे काम मला मिळाले. त्या शिफारशींत मामीचा अर्ज मी 'संरक्षित अध्यापनकाळ' या भारदस्त नावाने बसवला. तिच्या निवृत्तीला तेव्हा वर्षही उरले नव्हते, आणि तो तास तिला नोकरीत असतानाच मिळावा, ही माझी खासगी महत्त्वाकांक्षा होती. निष्पक्षतेबाबत मी अतिशय काटेकोर राहिले. मामीच्या केंद्रावर मी स्वतः गेले नाही. दोन पदवीधर मुलींना पाठवले. केंद्रांची नावे काढून त्यांनीच क्रमांक दिले, कोणता कुणाचा हे मलाही ठाऊक नव्हते. नियमावली मी स्वतः लिहिली: निरीक्षकाने आत जाऊ नये, कामात अडथळा आणू नये, दर दहा मिनिटांनी नोंद करावी; दार बंद असल्यास बाहेर जे साहित्य वापरात दिसेल त्यावरून काम ठरवावे; जे दिसेल तेच लिहावे, ऐकीव नोंद करू नये. या नियमावलीचा मला फार अभिमान होता. मुलींपैकी एकीने समासात बारीक अक्षरांत काहीबाही लिहून ठेवले होते. ते मी लाल पेनने खोडले आणि शेजारी लिहिले, 'असंबद्ध'.

निष्कर्ष मांडण्याची बैठक मेहकरला एका सभागृहात झाली. समोर प्रकल्प अधिकारी मॅडम, पाठीमागे तालुक्यातल्या सेविका, आणि तिसऱ्या रांगेत मामी, तिच्या मदतनीसबाईंसह. आदल्या दिवशीच मी तिला बजावले होते की उद्या मला ओळख दाखवू नकोस. लोक म्हणतील भाचीने मामीसाठी अहवाल लिहिला. "बरं बाई," ती म्हणाली, "उद्या तू माही कोणीच नाही." त्या दिवशी ठरायचे होते ते एवढेच की तालुक्यातल्या अंगणवाड्यांना तो अखंड तास प्रायोगिक स्वरूपात द्यायचा की नाही.

मी मांडणी सुरू केली. तक्ते सुरेख होते. व्यत्यय किती येतात हे दाखवून झाल्यावर मी टोकाचे उदाहरण म्हणून एक केंद्र पडद्यावर आणले. "केंद्र क्रमांक सात. इथे अकरा ते बारा हा संपूर्ण तास रोज वजनमापनात जातो. शिक्षणाचा रकाना पूर्ण रिकामा आहे. कामाचा बोजा शिक्षणाला कसा गिळतो, हे यावरून स्पष्ट होते." माझ्या मते हा युक्तिवाद बिनतोड होता. अधिकारी मॅडमनी चष्मा काढला आणि त्याच तक्त्यावरून अगदी उलटा अर्थ काढला, जो तितकाच तर्कशुद्ध होता.

"ज्या वेळेत या शिकवतच नाहीत, ती वेळ राखून कशाला द्यायची? वजन महिन्यातून एकदा घ्यायचं असतं. रोज तासभर वजन चाललंय म्हणजे कामचुकारपणा आहे. मला तरी या शिफारशीत अर्थ दिसत नाही."

त्यांनी पुढचे पान उलटले. तास गेला, आणि तो मी घालवला होता, माझ्याच तक्त्याने. मी हातातली पाने मागेपुढे चाळू लागले. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मॅडम, सात नंबर म्हणजे मी."

सभागृह वळून पाहू लागले. मदतनीसबाई मामीचा पदर ओढत होत्या. "बसा ना वो बाई, चार महिने राह्यले तुमचे, काऊन नसती पीडा घेता?" मामीने पदर सोडवून घेतला.

"या मॅडमले," माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "मी बिलकूल ओळखत नाही. पण त्याईचा तक्ता चुकला. वजन मी महिन्यातून एकदाच घेतो. काटा रोज टांगतो."

"काटा रोज टांगता? कशासाठी?"

"लोकं आत येऊ नये म्हणून."

मग तिने ते शांतपणे, एका वेळी एकच गोष्ट सांगत, समजावून दिले. झोळीचा वजनकाटा दाराच्या चौकटीला टांगलेला दिसला की गावातला गडीमाणूस पायरी चढत नाही. आत बायका तान्ही लेकरे पाजत बसल्या असतील, अशी त्याची समजूत होते आणि तो खाली मान घालून माघारी फिरतो. सरपंच तर हातपंपापासूनच वळतो. बायकांना वाटते, वजनाची गर्दी आहे, मागून येऊ. अर्ज मंजूर होईना, म्हणून सतरा वर्षांपूर्वी तिने एक दिवस काटा टांगून पाहिला. तास अखंड मिळाला. दुसऱ्या दिवशी टांगला नाही. चार माणसे आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा टांगला. "मंग मी समजलो."

मी पडद्याशेजारी उभी राहून हे ऐकत होते. एक गोष्ट बदलली, परिणाम पाहिला, उलटून पाहिली, पुन्हा खात्री केली. अशा रचनेला आमच्या शास्त्रात एक लांबलचक नाव आहे.

"म्हणजे सतरा वर्षं तुम्ही गावाची फसवणूक केलीत?" अधिकारी मॅडमचा आवाज चढला होता.

"मॅडम, वजन चालू हाय असं मी कोणालेच नाही सांगतलं. वहीत भी नाही लिवलं. काटा टांगला फक्त. काटा टांगाले मनाई कोठी हाय?"

कोणीतरी फिसकन हसले. पाठीमागून एक सेविका उठली. "मी दारात पाच-सहा चपला मांडून ठेवतो, मॅडम. बचत गटाची मीटिंग हाय वाटते लोकाईले." दुसरी म्हणाली, "माह्याकडं दाराले बाज आडवी असते. फरशी ओली हाय म्हणून." तिसरीने, चेहरा पदराआड लपवून, सांगितले की ती रोज तासभर किल्ली हरवते. आता हसू सगळ्या सभागृहात पसरले होते, आणि मी भराभर लिहून घेत होते, कारण माझ्या साऱ्या पाहणीत न सापडलेली गोष्ट माझ्यासमोर उभी राहून बोलत होती. या बायकांना तास दिला गेला नव्हता आणि त्यांनी तो चोरला होता. प्रत्येकीने, आपापल्या अकलेने, एकमेकींना न विचारता.

अधिकारी मॅडम हसल्या नाहीत. "ठीक आहे. पण दार लावून आत तुम्ही करता काय, हे मला कसं कळणार?"

"ते या मॅडमच्या पोरीईले विचारा," मामी म्हणाली. "चार दिवस दाराबाहेर उभ्या होत्या. कान तर होते ना त्याईले."

केंद्र क्रमांक सातचे कागद माझ्या पिशवीतच होते. मी ते काढले. लाल रेघांखालची बारीक अक्षरे अजून वाचता येत होती, आणि मी ती ध्वनिक्षेपकावरून वाचली. 'आतून गाणे ऐकू येत आहे.' दहा मिनिटांनी, 'कोणीतरी सांगत आहे, हत्तीला जागा करा.' दहा मिनिटांनी, 'चिंचोके ओतल्याचा आवाज. सगळी लेकरे एकदम बोलत आहेत.' दहा मिनिटांनी, 'सगळे हसत आहेत. बाईंचा आवाज नाही.' दुसऱ्या दिवशी, 'आज बराच वेळ शांतता. मग एक लहान आवाज, मी केलं.'

"या नोंदी खोडल्या कोणी?" मॅडमनी विचारले.

"मी," मी म्हणाले. "नियम माझा होता आणि तो चुकीचा होता. आणि आणखी एक गोष्ट नोंदवायची राहिली आहे. केंद्र क्रमांक सातच्या सेविका माझ्या मोठ्या मामी आहेत."

"आता काऊन सांगतलं?" मामी तिसऱ्या रांगेतून पुरेशा मोठ्याने म्हणाली. "मी एवढं निभावलं होतं!"

तेव्हा मात्र अधिकारी मॅडम हसल्या. मी अनेक सभांत बोलले आहे आणि पुढेही बोलेन. पण एवढ्या ताठ मानेने मी कुठल्याही व्यासपीठावर उभी राहिलेली नाही. मॅडमनी निर्णय मात्र हसण्यावर नेला नाही. पाहणी पुन्हा करा, या वेळी निरीक्षक आत बसू द्या, आणि तोपर्यंत तालुक्यात हा तास लागू करून पाहू, असे त्यांनी सांगितले.

परतताना मेहकरच्या बसस्थानकावर चहा घेताना मी मामीची माफी मागितली. तिने ती हात झटकून उडवून लावली. तिला त्यापेक्षा महत्त्वाचे बोलायचे होते.

"तुह्या फॉर्मात एक रकाना कमी हाय."

"कोणता?"

"बाई काय करून राह्यली, हे लिवता तुम्ही. तिले उठवलं कोणं, हे कोठी लिवता?"

मी कप खाली ठेवला. नव्या फॉर्ममध्ये तो रकाना पहिला आहे. पुढे तो इतरांनीही उचलला. माझे वरिष्ठ त्याला माझी कल्पना समजतात. मी प्रत्येक वेळी ती कुणाची आहे ते सांगते, आणि ते प्रत्येक वेळी विनय समजून पुढे जातात.

तास लागू झाल्याचे पत्र निघाले तेव्हा मामीच्या नोकरीचे सहा आठवडे उरले होते. पहिल्या दिवशी तिने काटा कपाटात ठेवला. चौकट मोकळी पाहून सरपंच थेट आत आले. मामीने ओठांवर बोट ठेवले आणि पत्र त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते उभ्यानेच, टोपी काढून वाचले आणि आल्या पावली, पायांचा आवाज न करता परत गेले. "शाबास," मामी त्यांच्या पाठीमागून म्हणाली. ते सहा आठवडे तिने तो तास वापरला कसा, असे मी विचारले, तर म्हणाली, "पहिलेसारखाच. फक्त दाराकडं कान नव्हता."

निवृत्तीनंतर पहिल्यांदा मी गावी गेले ती गेल्या हिवाळ्यात. सकाळी मामी नेसून तयार होती. अंगणवाडीत नवी सेविका आली आहे, तिला भेटून येऊ, म्हणाली. ही नवी मुलगी गावातल्याच बौद्ध वाड्यातली, बी.ए. झालेली, लहानपणी मामीच्याच सतरंजीवर वाढलेली. मामीने लेकरांसाठी पिशवीत बोरे घेतली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. दार नुसते लोटलेले होते. मामीने हक्काने ते ढकलले, आणि आतून ती मुलगी लगबगीने उंबऱ्यापर्यंत आली. मामीला पाहून तिचा चेहरा फुलला, लगेच ती कावरीबावरी झाली, आणि मग तिने निर्धाराने हात जोडले.

"बाई, बारा वाजता या ना. आता तास चालू हाय."

मी मामीकडे पाहिले. तीसहून अधिक वर्षे ज्या दारातून ती न विचारता आत गेली, ते दार हळूच पुन्हा लोटले गेले. "हाव, हाव," ती म्हणाली, "तू जाय आत." मग माझ्याकडे वळून, गालातल्या गालात, "पाह्य, कशी कडक हाय!"

समोर हातपंपाचा ओटा होता. त्यावर आम्ही बसलो. मामीने पिशवी मांडीवर घेतली. आत एक लेकरू रडू लागले आणि मामी अर्धी उठली, एक हात गुडघ्यावर. "भुकेचं नाही," ती पुटपुटली, "मायची आठवण हाय. नवं असन." उठलेली ती तशीच थोडा वेळ राहिली. मग सावकाश परत बसली. रडणे कमी होत गेले, हुंदक्यांवर आले, थांबले, आणि ती मुलगी आत काहीतरी गाऊ लागली. दोन-चार लेकरांनी तिच्यामागे म्हणायला सुरुवात केली. मामी मान कलती करून ऐकत राहिली.

"हे गाणं माह्यं नाही," ती म्हणाली.

मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले.

"चांगलं हाय पण." थोड्या वेळाने तिने विचारले, "किती वाजले वं?"

"साडेअकरा."

"मंग बसू," मामी म्हणाली, आणि पायातल्या चपला काढून तिने त्या ओट्याखाली नीट जोडीने ठेवल्या.